श्रीखंडाच्या डब्यातलं उजवं-डावं

आमच्या लॅबच्या पाटीवर चार डॉक्टरांची नावं आहेत. त्यातले दोघे वारले, एक कॅनडात स्थायिक झाले आणि उरलेले डॉ. बक्षी रोज साडेअकराला, चहा झालाय का हे बघायला येतात. दमयंतीबेन परमार, म्हणजे आमच्या दमुबेन, सकाळी आठला येतात. त्यांचं नाव पाटीवर नाही. पगारपत्रकात आहे, आणि तिथे हुद्द्याच्या रकान्यात ‘मदतनीस’ लिहिलंय. कोणाच्या मदतनीस ते लिहिलेलं नाही.

मी इथे बावीस वर्षं रिपोर्ट टाइप करते. जन्म बडोद्यातला, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर गुजराती, त्यामुळे सगळ्यांची सुलभाबेन. टाइप करणाऱ्या बाईला सगळं कळतं आणि तिला काही कळत नाही असं सगळे धरून चालतात. या नोकरीतला तेवढाच फायदा.

ऑपरेशनमध्ये काढलेला भाग लॅबमध्ये आला की तो आधी डोळ्यांनी बघायचा, हातांनी चाचपायचा, कापायचा आणि त्यातले नेमके तुकडे काचेवर चढवण्यासाठी निवडायचे, याला ग्रॉसिंग म्हणतात. चुकीचा तुकडा निवडला तर पुढे जगातलं सर्वांत महागडं सूक्ष्मदर्शकही काही बोलत नाही. हे काम डॉक्टरांनीच करायचं असा नियम आहे. आमच्याकडे नियम फार पाळतात. ग्रॉसिंग दमुबेन करतात आणि खाली सही डॉक्टर करतात.

दमुबेन एकोणिसाव्या वर्षी इथे बाटल्या धुवायला लागल्या. दहावी पास, नवरा नंदेसरीच्या रसायनाच्या कारखान्यात. पाटीवरचे जे दोघे वारले त्यातल्या मोठ्या साहेबांनी एक दिवस त्यांना बोलावलं आणि एक मांसाचा गोळा हातात देऊन म्हणाले, “डोळे मीट आणि सांग, कुठे कडक लागतं.” दमुबेननी सांगितलं. साहेबांनी कापून बघितलं, आणि त्या दिवसापासून बाटल्या दुसरं कोणीतरी धुवायला लागलं. पगार मात्र बरीच वर्षं बाटल्यांचाच राहिला.

फॉर्मलीनचा, म्हणजे मांस टिकवायच्या औषधाचा वास त्यांच्या अंगाला कायमचा बसलाय. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारची खुर्ची हमखास रिकामी राहते. “बरं आहे,” त्या म्हणतात, “पर्स ठेवायला जागा होते.” दुपारी त्या थेपल्यांचा डबा घेऊन मागच्या जिन्यावर एकट्या बसतात. त्यांचा स्वभाव गोड आहे असं मी म्हणणार नाही. लेबल नीट नसलेली बाटली आली तर आणणाऱ्याला त्या अशा काही बोलतात की तो माणूस पुढच्या वेळी स्वतःचं नावसुद्धा स्वच्छ अक्षरात लिहितो.

आता मुद्द्याचं. अलकापुरीत डॉ. केयूर यांचं ‘लावण्य’ नावाचं कॉस्मेटिक क्लिनिक आहे. पायऱ्या संगमरवरी, आत कारंजं, भिंतीवर ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो. तिथून महिन्याला पाच-सहा स्तन-लघुकरणाची कामं आमच्याकडे येतात. ज्या बायकांची छाती इतकी जड असते की पाठ, मान, खांदे कामातून जातात, त्यांचा भार ऑपरेशन करून कमी करतात आणि काढलेलं सगळं तपासायला पाठवतात. का तपासायचं? कारण शेकड्यात एखादीच्या त्या चरबीत, तिला स्वतःला किंवा कोणालाच कल्पना नसताना, कर्करोग बसलेला असतो. म्हणून उजवं वेगळ्या डब्यात आणि डावं वेगळ्या डब्यात पाठवायचं असतं. उद्या काही सापडलं तर ते कुठलं, हे कळायला हवं. एवढी साधी गोष्ट आहे. पण संगमरवरी पायऱ्या चढल्या की साध्या गोष्टी खालीच राहतात.

लावण्यवाल्यांच्या मते ही निव्वळ चरबी. सोय म्हणून ते दोन्ही बाजू एकाच डब्यात घालून पाठवायचे आणि चिठ्ठीवर एकूण वजन लिहायचे. बक्षीसाहेब म्हणायचे, “सुलभाबेन, दोनाने भागा.” मी भागायचे. माझ्या कॉम्प्युटरमध्ये ‘चरबी’ नावाची एक फाइल तयारच होती. तीन ओळी, शेवटची ‘घातक काही आढळले नाही’. नाव, वय आणि भागाकार बदलला की रिपोर्ट तयार. दमुबेन दर वेळी भांडायच्या, मी दर वेळी भागायचे. आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती, तेव्हा मला वेळेवर घरी जायचं असायचं.

त्या मंगळवारी जे आलं ते श्रीखंडाच्या डब्यात आलं. पाच किलोचा, केशर-इलायची, वर गायीचं चित्र. दमुबेननी डबा खिडकीत ठेवला आणि आणणाऱ्या माणसाला विचारलं, “पुऱ्या कुठायत?”

“काय बेन?”

“श्रीखंड पाठवलंयस ना? पुऱ्या विसरलास?”

“साहेब म्हणाले, दुसरा डबा नव्हता.”

“पाच लाखाचं कारंजं आहे आणि दुसरा डबा नाही!”

आत पाच तुकडे कोंबलेले. दोन मोठे, कातडीसकट. तीन सुटे गोळे, कातडीविना. चिठ्ठीवर लिहिलं होतं: पन्नाबेन, वय शेचाळीस, दोन्ही बाजू. दमुबेननी फोन लावला आणि तो स्पीकरवर ठेवला, मला साक्षीला.

“डॉक्टरसाहेब, यातलं उजवं कोणतं?”

“अरे दमुबेन, तुम्ही पण ना! चरबी आहे ती. अर्धी उजवी समजा, अर्धी डावी समजा.”

“समजू कशी? वाटणी करायची आहे का, भावाभावांत?”

“बक्षीसाहेबांना द्या.”

बक्षीसाहेब फोनवर इतके गोड बोलले की मला साखर वाढल्यासारखं वाटलं. मग फोन ठेवून म्हणाले, “दमु, डोकं नको खाऊ. मोठा क्लायंट आहे. दोन ट्रेमध्ये ठेव, एकावर उजवं लिही.”

“नाही लिहिणार.”

“मग काय लिहिशील?”

“बाजू सांगितलेली नाही, असं लिहिणार. कातडीवाल्या दोघांना क आणि ख, आणि सुट्यांना एक, दोन, तीन.”

“लिही बाई. कोण वाचतंय?”

त्यांचं एका अर्थी बरोबर होतं. ‘चरबी’ फाइल कोणीच वाचत नव्हतं, मी धरून.

दमुबेन कापण्याआधी प्रत्येक तुकडा डोळे मिटून चाचपतात. डाळीत खडा शोधावा तशी त्यांची बोटं फिरतात, घाई अजिबात नाही. मग बोटभर जाडीचे काप करायचे, एकही सुटा होऊ द्यायचा नाही, ओळीने मांडायचे आणि पुन्हा चाचपायचे. मी त्या दिवशी वजनाचा आकडा विचारायला आत गेले तर त्यांचा हात सुट्या गोळ्यांपैकी दोन नंबरवर थांबलेला होता.

“सुलभाबेन, इकडे हात द्या.”

“मी? मला नको बाई.”

“हातमोजा घाला आणि हात द्या.”

मी बोट लावलं. मऊ, मऊ, आणि मग मध्येच चण्याच्या डाळीएवढं काहीतरी, खरखरीत आणि हट्टी. मी हात काढून घेतला.

“काय आहे?”

“मला काय विचारता, मी मदतनीस,” दमुबेन म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी तो दाणा तुकड्यासकट काढून डबीत घातला, बाकीचे काप ओळीने फडक्यावर मांडले आणि त्या दिवशी जिन्यावर गेल्याच नाहीत.

शुक्रवारी काच तयार झाली. बक्षीसाहेबांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. चहा गार झाला. कर्करोग होता. लहान, पण होता.

यानंतर जे झालं ते ऐकून तुम्हाला वाटेल की डॉ. केयूर घाबरले असतील. छे. त्यांनी पन्नाबेनना गाठून आधी अभिनंदन केलं. “नशीबवान आहात. माझ्याकडे आलात म्हणून सापडलं.” मग त्यांना कर्करोगाच्या सर्जनकडे पाठवलं. त्या भल्या माणसाने एकच प्रश्न विचारला, “कुठल्या बाजूला?” त्याला उत्तर मिळालं नाही. तो म्हणाला, ते गुरुवारपर्यंत सांगा, नाहीतर मला दोन्ही काढावे लागतील. डॉ. केयूर यांना हा उपाय एकदम पसंत पडला. दोन्ही काढले की उजवं-डावं हा प्रश्नच मिटतो, आणि श्रीखंडाच्या डब्याचाही.

सोमवारी पन्नाबेन स्वतः आमच्याकडे आल्या. ठेंगणी, सुती साडी, तळवे भाजून भाजून कडक झालेले. वारसिया भागात त्या खाखरे करून विकतात. दिवसाचे आठ तास वाकून, लाकडी दट्ट्याने तव्यावर खाखरा दाबायचा. खांद्यात खोबणी पडली होती, मान वळत नव्हती. दोन वर्षं विचार करून ऑपरेशन केलं तर जावेने गल्लीभर सांगितलं की या वयात हिला फॅशन सुचलीय. आता ही बातमी कळल्यावर तीच जाऊ म्हणते, बघा, देवाने शिक्षा दिली. देवाला आणि जावेला दोघांनाही दुसरं काम नसावं.

“बेन,” खिडकीत हात ठेवून पन्नाबेन मला म्हणाल्या, “मला एवढंच सांगा, कुठलं आहे? एक गेलं तर मी समजून घेईन. पण जे चांगलं आहे ते कशाला काढायचं?”

लॅबचा नियम असा की रोग्याशी बोलायचं नाही, डॉक्टर बोलतील. मी तोंड उघडण्याआधीच दमुबेन मागून आल्या. बावीस वर्षांत त्या रोग्याच्या खिडकीपर्यंत आलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

“छातीखाली कुठे तीळ होते का?” त्यांनी विचारलं. “दोन, जवळजवळ. एक मोठा, एक बारीक.”

पन्नाबेन गोंधळल्या. “असतील. मला काय माहीत? माझं खालचं मला कधी दिसलंय? आरशात बघायला उचलून धरावं लागायचं, आणि उचलायला वेळ कुणाला होता?”

“नवऱ्याला माहीत असेल.”

“त्याला तर माझ्या डोळ्यांचा रंग माहीत नाही,” पन्नाबेन म्हणाल्या, आणि त्या दोघी एकदम हसल्या. मला नाही हसू आलं.

दमुबेनचं डोकं असं चाललं होतं. कातडीवाल्या ‘क’ तुकड्यावर दोन तीळ होते. ‘ख’वर काही नाही. पण दाणा तर सुट्या दोन नंबरच्या गोळ्यात होता. तो गोळा ‘क’च्या बाजूचा की ‘ख’च्या? आणि ‘क’ ही कुठली बाजू? अशा दोन गाठी सोडवायच्या होत्या आणि गुरुवारपर्यंत वेळ होता.

पहिली त्यांनी हाताने सोडवली. दोन नंबरचे काप ओळीत होते, म्हणून ते पुन्हा जुळवून दोऱ्याने बांधले. दाण्याच्या जागी कापसाचा बोळा ठेवला. मग तो गोळा ‘ख’शी लावून बघितला, फिरवला, उलटा केला. बसेना. ‘क’शी लावला. सर्जनचं यंत्र मांस कापताना जाळत जातं, त्याचा काळा पट्टा कापलेल्या कडेवर राहतो. ‘क’वरचा पट्टा एका जागी तुटला होता आणि तिथून तिरका वर गेला होता. दोन नंबरवर तोच पट्टा, तसाच तिरका. मध्ये एक पांढरी दोरीसारखी शीर, निम्मी इकडे, निम्मी तिकडे. उरलेले दोन गोळेही त्यांनी लावून बघितले, एक ‘ख’ला लगेच बसला, दुसरा तिथेच बसायला फार वेळ लागला. सोमवारची दुपार आणि मंगळवारचा अख्खा दिवस यात गेला. बक्षीसाहेब दोनदा डोकावले आणि म्हणाले, “जिगसॉ खेळतेस का?” आणि तिसऱ्यांदा आले तेव्हा खुर्ची ओढून बसले.

दुसरी गाठ होती डॉ. केयूरांच्या भिंतीवर. ऑपरेशनच्या आधी प्रत्येक बाईचे फोटो काढायची त्यांची पद्धत आहे, समोरून, बाजूने आणि हात वर करून. दमुबेननी फोन केला.

“पन्नाबेनचे आधीचे फोटो पाठवा.”

“असं कसं? ते खासगी असतात. रोग्याच्या अब्रूचा प्रश्न आहे.”

“तुमच्या भिंतीवर ज्या टांगल्यात त्यांना अब्रू नाही का?”

मग बक्षीसाहेबांनी फोन हातात घेतला. मला वाटलं, आता पुन्हा साखर. पण ते म्हणाले, “केयूर, फोटो पाठव. नाहीतर डब्यात दोन्ही बाजू एकत्र आल्या होत्या हे मी रिपोर्टच्या पहिल्या ओळीत टाकतो, डब्यावरच्या गायीसकट.” बावीस वर्षांत या माणसाबद्दल मला पहिल्यांदा बरं वाटलं, ते लिहायलाच हवं.

दहा मिनिटांत फोटो आला. हात वर केलेल्या पन्नाबेन, डोळे मिटलेले. छातीच्या खालच्या घडीत दोन तीळ, एक मोठा, एक बारीक.

“उजवीकडे,” मी म्हणाले.

“थांबा. तुमच्या उजवीकडे की तिच्या?”

मी गडबडले. दमुबेननी मला भिंतीशी उभं केलं, हात वर करायला लावले आणि फोटो माझ्याशेजारी धरला. बक्षीसाहेब खाली बघत राहिले. माझ्या उजव्या हाताकडे तीळ निघाले नाहीत, डाव्याकडे निघाले. तरी त्यांचं समाधान होईना.

“फोटो उलटवलेला असेल तर? हे लोक छापायला उलटवतात.”

मग त्यांनी भिंग घेतलं. पन्नाबेनच्या मागे क्लिनिकचं कॅलेंडर होतं. तारखा सुलट्या वाचता येत होत्या. दमुबेननी सातवी तारीख बोटाने दोनदा वाचली. मग म्हणाल्या, “डावं.”

रिपोर्ट मी टाइप केला. ‘चरबी’ फाइल उघडली नाही, कोऱ्या पानावर केला. बक्षीसाहेबांनी पेन काढलं आणि हात थांबवला. “दमु, चुकलं तर रोग आत राहील आणि चांगलं काढलं जाईल. सही माझी आहे.”

“हो,” दमुबेन म्हणाल्या. “आणि हात माझे आहेत.”

त्यांनी सही केली. दमुबेननी संध्याकाळपर्यंत टेबल दोनदा धुतलं. निघताना मला जिन्यात गाठून म्हणाल्या, “सुलभाबेन, चुकलं असेल का हो?” एवढी दांडगी बाई, आवाज एवढासा झाला होता. मी म्हटलं, नाही. मला काहीच माहीत नव्हतं, पण मी म्हटलं.

गुरुवारी फक्त डावं काढलं. ते आमच्याकडेच आलं, नव्या डब्यात, मोठ्या अक्षरात लेबल लावून. दमुबेननी आतली ऑपरेशनची जुनी जखम शोधली, तिच्या कडेने बोटं फिरवली आणि तांदळाच्या दाण्याएवढं एक काहीतरी कापून बक्षीसाहेबांपुढे नेलं. त्यात रोगाचा उरलेला अंश होता. आत्तापर्यंत कुठल्या रिपोर्टात कर्करोग सापडल्यावर इतका आनंद झालेला मी पाहिला नव्हता. दमुबेन खाली बसल्या आणि पाणी प्यायल्या.

पुढच्या महिन्यात डॉ. केयूरांनी फेसबुकवर लिहिलं की आमच्याकडे प्रत्येक नमुन्याची इतकी कसून तपासणी होते की अमुक एका भगिनीचा रोग वेळेत सापडला. खाली चारशे लोकांनी हात जोडले. ‘लावण्य’मधून आता दोन डबे येतात. कधीकधी दोन्हीवर ‘उजवं’ लिहिलेलं असतं.

पन्नाबेन अडीच महिन्यांनी आल्या. डोक्याला रुमाल, चेहरा ओढलेला, हातात मेथीच्या खाखऱ्यांचं पाकीट. बक्षीसाहेबांना द्यायला आल्या होत्या, कारण रिपोर्टावर सही त्यांची. मी म्हटलं, “साहेब आत आहेत. पण द्यायचं असेल तर तिकडे द्या,” आणि ग्रॉसिंगच्या दाराकडे बोट केलं. नियम मोडला. मोडायलाच हवा होता.

दमुबेन हातमोजे काढत बाहेर आल्या. पन्नाबेन वासाने मागे सरकल्या नाहीत.

“तुम्ही डॉक्टर?”

“नाही.”

“मग?”

“मी इथे असते.”

पन्नाबेननी पाकीट त्यांच्या हातात दिलं. मग इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, “माझं ते... अजून इथेच आहे का?”

“नाही. दोन महिने ठेवतो. गेल्या सोमवारी गाडी आली, जाळायला गेलं.”

“सगळं एकत्रच घातलं असेल ना, पिशवीत?”

दमुबेनच्या कपाळाला आठी पडली. “एकत्र कशाला? एकत्र कशाला घालीन मी?” त्या जवळजवळ ओरडल्या. “दोन पिशव्या केल्या. एकीवर उजवं लिहिलं, एकीवर डावं.”

जाळायच्या वस्तूला कोण लेबल लावतं? पन्नाबेननी खिडकीचा गज धरला. रोग कळला तेव्हा, डावं काढलं तेव्हा, केस गेले तेव्हा त्या रडल्या नव्हत्या असं त्यांनीच नंतर मला सांगितलं. त्या दिवशी आमच्या लॅबच्या व्हरांड्यात त्या पोटभर रडल्या, आणि दमुबेन शेजारी उभ्या राहून त्यांना सारखं सांगत होत्या की मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, कोणालाही वाचता आलं असतं.